रान आणि डांबर

दिवाळीच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या, की ओळखीचे लोक एकमेकांना विचारतात, "औंदा कुठल्या सेंटरला?" या प्रश्नाची उत्तरे तीनच. डोकी सेंटर म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायची. गाडी सेंटर म्हणजे जुन्या घडणीची बैलगाडी. आणि टायर सेंटर म्हणजे बैलजोडी मजुराची, पण गाडी कारखान्याची, रबरी टायरची. धाराशिव जिल्ह्यात टायर हा शब्द असा माणसाच्या कामाचे आणि पोटापाण्याचे नाव होऊन बसला आहे. कोण कसा राबणार, किती ओझे ओढणार आणि रात्री कुठे मुक्काम करणार, हे त्या एका शब्दावरून कळते.

लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. धाव तापवून चाकावर बसवायची, पाणी ओतून आवळायची, हे सुतार-लोहारांचे एकत्र काम होते. पण जेमतेम दोन-तीन बोटे रुंद असलेली ही धाव सगळे ओझे जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर टाकते. उन्हाळ्यात खडीच्या वाटेवर ते चालून जायचे. पावसाळ्यात काळ्या रानात मात्र तीच धाव सुरीसारखी आत शिरायची आणि गाडी आखापर्यंत रुतायची. हवेच्या टायरने ओझे रुंद जागेवर पसरवले. बेअरिंगच्या आखामुळे चाक हलके फिरू लागले. तेच बैल दुपटीच्या आसपास माल ओढू लागले. त्या फरकाचा भार बैलांच्या मानेवर किती चढला, हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. डनलॉप कंपनीने पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये कारखाना काढला. पुढे तिचे टायर बैलगाड्यांना इतके सर्रास लागले, की उत्तर भारतात काही ठिकाणी टायरच्या गाडीला 'डनलप' असेच म्हणू लागले.

ट्रॅक्टरलाही रबर उशिराच मिळाले. जॉन बॉइड डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा. मात्र त्यानंतर चाळीस वर्षे ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर, पोलादी खिळ्यांसारख्या दात्यांवरच चालत होते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागांत हे दाते झाडांच्या मुळ्या कापत. तेव्हा तिथल्या बागायतदारांनी ट्रकचे जुने टायर आणून लोखंडी चाकांवर चढवले. ही गरज बागेतून आली, कारखान्यातून नव्हे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्स कंपनीचा 'मॉडेल यू' ट्रॅक्टर फायरस्टोनच्या कमी हवेच्या टायरांसह बाजारात आला. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून कंपनीने शर्यतीचे नामांकित चालक बार्नी ओल्डफील्ड यांना बोलावले आणि १९३३ मध्ये त्यांनी ट्रॅक्टर तासाला १०० किलोमीटरहून अधिक वेगाने पळवून दाखवला. वेगाचा शेतीशी संबंध नव्हता. पण रबर फुटत नाही, एवढे लोकांना पटले.

आता मुद्द्याचे. धाराशिवमधला ट्रॅक्टर एकाच दिवसात दोन वेगळ्या जगांत राबतो. सकाळी लोहाऱ्याच्या किंवा कळंबच्या काळ्या रानात नांगरट आणि दुपारनंतर डांबरी रस्त्यावर खत, सोयाबीन किंवा ऊस. रानाला मऊ, रुंद, खोल दात्यांचे चाक हवे. डांबराला कडक, टणक, उथळ नक्षीचे. दोन्हींना पुरेल असा टायर कुठल्याच कंपनीकडे नाही. म्हणून टायर निवडण्याआधी एका प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे लागते: वर्षातले किती तास रानात आणि किती तास रस्त्यावर? ज्याचा ट्रॅक्टर भाड्याने ट्रॉली ओढण्यातच निम्मे वर्ष घालवतो, त्याने शेजाऱ्याच्या नांगरटीच्या टायराची नक्कल करण्यात अर्थ नाही.

दुकानात गेल्यावर पहिली अडचण आकड्यांची. ४० अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला मागे बहुधा '१३.६-२८' हा टायर असतो. यातले १३.६ म्हणजे टायरची रुंदी इंचांत आणि २८ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास, तोही इंचांत. मधली आडवी रेघ सांगते, की टायर बायस म्हणजे आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांचा आहे. त्या जागी 'आर' असेल तर रेडियल. पुढे '१२ पीआर' असे काही लिहिलेले असते. ती ओझे पेलण्याच्या ताकदीची खूण आहे, आत मोजून बारा थर असतीलच असे नाही. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात: '३२२४' म्हणजे २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. रबर नुसते पडूनही म्हातारे होते, म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या टायरची ही तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नक्षीलाही सांकेतिक नावे आहेत. मागच्या चाकाची नेहमीची तिरप्या दांड्यांची नक्षी 'आर-१'. ओल्या मातीसाठी तिचेच सुमारे पाव हिश्शाने खोल रूप 'आर-१डब्ल्यू'. भात आणि उसाच्या चिखलासाठी फार खोल दात्यांची 'आर-२', ही मात्र डांबरावर भराभर झिजते. पुढच्या चाकाला लांब धारांची 'एफ-२', कारण त्याचे काम ओढायचे नसून वळायचे असते. मागचा टायर बसवताना दिशा चुकली तर सगळे मुसळ केरात. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यावर दांड्यांचे टोक वरच्या बाजूला दिसले पाहिजे. तसे असेल तर दांडा मधून जमिनीत शिरतो आणि चिखल दोन्ही बाजूंना ढकलून स्वतःला साफ करतो. उलट बसवलेला टायर चिखल मध्यावर गोळा करतो.

काळ्या रानात हे साफ होणेच सर्वांत अवघड. ही माती बेसाल्टच्या झिजेतून आलेली. तिच्यातला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. ओली असताना ती टायरला अशी चिकटते, की दोन दांड्यांमधली खाच बुजून जाते आणि महागडा टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. मग चाक जागच्या जागी फिरते, चालक आणखी एक्सिलेटर दाबतो आणि खाली मातीचा चकचकीत, घट्ट थर तयार होतो. त्या थरातून पुढच्या पिकाची मुळी सहजी उतरत नाही. म्हणून इथल्या जुन्या शेतकऱ्यांचा एक शब्द कुठल्याही टायरपेक्षा मोलाचा आहे: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटाने ढकलताच फुटावा. हाताला लागू नये. वाफसा येण्याआधी रानात घातलेला ट्रॅक्टर दोन दिवस वाचवतो आणि हंगाम घालवतो. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या माथ्यावरच्या मुरमाड, उथळ रानात वाफसा लवकर येतो, खालच्या नदीकाठच्या भारी जमिनीत उशिरा. त्यामुळे एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांनाही एकच सल्ला लागू पडत नाही. मुरमाड रानात चिखलापेक्षा दगडाने आणि बाभळीच्या काट्याने टायर फाटण्याची भीती मोठी. तिथे फार खोल दात्यांपेक्षा जाड, मजबूत बाजूंचा टायर उपयोगी पडतो.

आणि हवा. टायरच्या एवढ्या चर्चेत हवेवर सर्वांत कमी बोलले जाते, पण फुकटात होणारी सुधारणा तीच. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, किंचित जास्त. म्हणजे टायरमध्ये १२ पौंड हवा असेल तर जमिनीच्या प्रत्येक चौरस इंचावर १२-१४ पौंडांचा भार. २४ पौंड असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट. शेतकामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. रस्त्यावर ओझे ओढताना ती वाढवावी लागते, नाहीतर टायरच्या बाजू दुमडून तापतात आणि धागे तुटतात. नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात, ओझ्याप्रमाणे दिलेला असतो. प्रत्यक्षात काय होते? पंक्चरवाला सगळ्या चाकांत एकदाच कडक हवा भरतो, कारण टायर फुगलेला दिसला की गिऱ्हाईक खूश. तीच हवा घेऊन ट्रॅक्टर रानात जातो, टायरचा फक्त मधला भाग टेकतो, चाक घसरते, डिझेल जाते, माती दाबली जाते. शंभर-दोनशे रुपयांचा प्रेशर गेज आणि एक हातपंप घरी असणे हे धाराशिवच्या शेतकऱ्यासाठी नव्या टायरांच्या जोडीआधीचे काम आहे, असे ठामपणे म्हणायला हरकत नाही.

एक मात्र खरे, की वरच्या थराचे भवितव्य हवेच्या दाबावर ठरते, पण खालच्या थराचे ठरते ते आखावरच्या एकूण वजनावर. अवजड यंत्र कितीही रुंद टायरावर बसवले तरी त्याचा भार दीड-दोन फूट खोल पोचतोच. काळ्या मातीला भेगांची देणगी आहे. उन्हाळ्यात ती स्वतःच काही प्रमाणात मोकळी होते. पण बारमाही ओलिताखाली असलेल्या उसाच्या रानात ती भेगाळायला वेळच मिळत नाही. ढोकीच्या तेरणा कारखान्याचा किंवा रांजणीच्या नॅचरल शुगरचा परिसर डोळ्यांसमोर आणावा. तोड झालेल्या ओलसर फडात भरलेली ट्रॉली उभी राहते. तिचे टायर ट्रकच्या जातीचे, ट्रकसारखेच कडक हवेचे. रस्त्यासाठी योग्य, फडासाठी घातक. ज्या सरीवरून चाक जाते तिथला खोडवा पुढे विरळ फुटतो. ट्रॉली बांधावर, वाटेवर उभी करून टायरगाडीने किंवा डोक्यावरून ऊस बाहेर काढला तर रान वाचते, पण ते ओझे मजुराच्या अंगावर जाते. टायरची निवड इथे निव्वळ तांत्रिक राहत नाही.

वजनाचीही हीच गोष्ट. नांगरटीत चाक घसरू नये म्हणून मागच्या टायरात पाणी भरतात. व्हॉल्व्ह वर आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश टायर भरायचा आणि उरलेल्या जागेत हवा. १३.६-२८ च्या एका टायरात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. थंड देशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळावे लागते, आपल्याकडे साधे पाणी चालते. पण नांगरटीसाठी भरलेले हे पाणी पेरणीच्या वेळी कुणी काढत नाही. हलक्या कामाला ते निव्वळ ओझे होते आणि नुकतेच भुसभुशीत केलेले रान दाबते. काढता-घालता येणारी लोखंडी वजने महाग पडतात, पण ज्याची कामे बदलती आहेत त्याच्यासाठी तीच बरी.

द्राक्षाच्या बागेत सगळे गणित आक्रसते. तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांतल्या बागांत दोन ओळींमध्ये साधारण नऊ-दहा फूट जागा, वर मांडव, दोन्ही बाजूंना वेली. इथे मिनी ट्रॅक्टर लागतो. महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा 'युवराज २१५' घ्या: मागे ८.००-१८ आणि पुढे ५.२०-१४ असे छोटे टायर. चार चाकांना ओढ असणारे २४ अश्वशक्तीचे ट्रॅक्टरही बागांत रुळले आहेत. छाटणीनंतर पाऊस लागला की फवारणी थांबवता येत नाही. डाऊनी या वेलीवरच्या रोगाची भीती वाफशाची वाट पाहू देत नाही. म्हणून बागेत ब्लोअर घेऊन तीच दोन चाके त्याच दोन पट्ट्यांवर हंगामभर फिरतात. इथे दात्यांच्या खोलीपेक्षा टायरची रुंदी आणि कमी हवा जास्त कामाची. ओळींमध्ये गवत किंवा पाचटाचे आच्छादन ठेवले तर त्याचा टायरला आणि मातीला दोहोंनाही आधार मिळतो. फ्लोरिडातल्या संत्रेवाल्यांना जी मुळ्यांची काळजी होती, तीच ही.

परदेशात अशा हलक्या कामांसाठी वेगळेच वाहन रूढ झाले. दोन माणसे शेजारी-शेजारी बसतील, मागे छोटा हौद असेल, चारही चाकांना फुगीर टायर असतील, अशी गाडी. तिला तिथे 'साइड-बाय-साइड' म्हणतात. कावासाकीचे 'म्यूल' १९८८ मध्ये आले. पुढे जॉन डिअरचे 'गेटर', पोलारिसचे 'रेंजर' ही नावे शेतांवर आणि गुरांच्या कुरणांत घरची झाली. यांच्या टायरचे आकडे ट्रॅक्टरपेक्षा वेगळे वाचायचे: '२५x१०-१२' म्हणजे उंची २५ इंच, रुंदी १० इंच, रिम १२ इंच. हवा जेमतेम दहा-बारा पौंडांच्या घरात. त्यामुळे ही गाडी ओल्या गवतावर फारसा माग न उमटवता जाते, पण रस्त्यावर वेगाने पळवली तर टायर काही महिन्यांत झिजतो.

भारतात या कल्पनेचा एक गंभीर प्रयत्न झाला. आयशर आणि पोलारिस यांनी २०१२ मध्ये भागीदारी केली, जयपूरजवळ कारखाना उभारला आणि जून २०१५ मध्ये 'मल्टिक्स' ही डिझेल गाडी आणली. कुटुंब बसावे, मागे माल जावा आणि गाडी उभी करून तिच्या इंजिनावर घरातले दिवे किंवा पाण्याचा पंप चालावा, अशी ती रचना होती. वीज जाणाऱ्या खेड्यासाठी ही सोय खरोखर विचारपूर्वक केलेली होती. तरीही विक्री जमली नाही आणि २०१८ मध्ये कंपनीने काम गुंडाळले. धाराशिवसारख्या जिल्ह्यातून पाहिले तर कारण दिसते. त्या पैशात कुणी जुना ट्रॅक्टर घेतो, कुणी छोटा टेम्पो. आणि दूध-भाजी तर दुचाकीवरही जाते. एका वाहनाने थोडी थोडी सगळी कामे करण्यापेक्षा, ज्याला भाडे मिळते ते वाहन दारात असलेले बरे, हा हिशेब इथे पक्का आहे.

याच जातीची आणखी एक हकीकत इथून फार दूर नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित केली: एका मीटरचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी, एकूण दीड मीटर. पीक वरंब्यावर, पाण्याचा निचरा सरीतून आणि चाकेही कायम सरीतूनच. त्यासाठी फ्रेंच तंत्रज्ञ ज्याँ नोल यांनी रचलेले 'ट्रॉपिकल्टर' वापरले गेले. हे बैलांनी ओढायचे, हवेच्या दोन टायरांवर चालणारे बहुगुणी अवजार. टायर जिथे जातात तिथे पीक नाही आणि जिथे पीक आहे तिथे टायर जात नाहीत, इतकी स्वच्छ कल्पना. पण जगभर अशी अवजारे फारशी टिकली नाहीत. पॉल स्टार्की यांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'परिपूर्ण, तरीही नाकारलेले' अशा अर्थाचे आहे. अवजार महाग होते, जड होते आणि एका कामातून दुसऱ्या कामात बदलायला वेळ खाई. गंमत अशी, की अवजार गेले आणि पद्धत राहिली. आज सोयाबीनसाठी 'बीबीएफ' नावाने तीच पद्धत ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने मराठवाड्यात वापरली जाते. मात्र बीबीएफ घेणाऱ्याने ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधले अंतर यंत्राशी जुळवून घेतले पाहिजे. मागची रिम उलटसुलट बसवून हे अंतर कमी-जास्त करता येते, आणि त्याला एक दुपार पुरते. ते न केल्यास चाक वरंब्यावर चढते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

मोठा टायर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. १३.६ च्या जागी १४.९-२८ बसवला तर ट्रॅक्टर उंच, रुबाबदार दिसतो. घेर सुमारे चार टक्क्यांनी वाढतो; म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये वेग तेवढा वाढतो आणि ओढ तेवढी घटते. जुनी रिम अरुंद पडते. फोर बाय फोर ट्रॅक्टरमध्ये तर हा बदल गिअरबॉक्सवर येतो. तिथे पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत अशी योजना कारखान्यातच केलेली असते. फक्त मागचे टायर बदलले तर हा मेळ बिघडतो आणि डांबरावर पुढचा-मागचा भाग एकमेकांशी झगडत राहतो. म्हणून असा ट्रॅक्टर असेल तर चारही टायर कंपनीने सांगितलेल्या जोडीतलेच घ्यावेत, आणि कडक रस्त्यावर पुढची ओढ बंद ठेवावी. पैसे खर्चायचेच असतील तर ट्रॉलीच्या मागे चमकणारी लाल पट्टी, चालू असणारा मागचा दिवा आणि चालकाच्या डोक्यावर मजबूत लोखंडी चौकट यांवर खर्चावेत. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना अशी चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले. गळिताच्या रात्री दिव्याविना उभी असलेली ट्रॉली ज्याने रस्त्यावर पाहिली आहे, त्याला लाल पट्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बालकृष्ण इंडस्ट्रीज म्हणजे बीकेटीचा कारखाना आहे. ट्रॅक्टर, खाणयंत्रे आणि साइड-बाय-साइड गाड्या यांचे टायर ही कंपनी बनवते आणि त्यातला मोठा वाटा परदेशी जातो. मऊ हवेवर चालणारे रेडियल टायर युरोपच्या शेतांत सर्रास दिसतात; आपल्याकडे अजून बायसचेच राज्य आहे, कारण ते स्वस्त, दगडाला टणक आणि रिमोल्ड करायला सोपे. रेडियलचा पाया लांब टेकतो, ओढ चांगली मिळते. भारी काळ्या जमिनीत, रस्त्यावर कमी जाणाऱ्या ट्रॅक्टरला ते विचारात घेण्यासारखे आहेत.

टायर बदलायची वेळ खरोखर आली आहे का, हे खडूच्या एका तुकड्याने समजते. वाफशावर आलेल्या रानात, अवजार वर उचलून, मागच्या टायरवर खडूची खूण करायची आणि चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजायचे. १३.६-२८ ला ते ४० मीटरच्या आसपास येते. मग नांगर किंवा पल्टी खाली सोडून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा दहा फेरे. आता अंतर ३५ मीटर आले तर घसर साडेबारा टक्के. रानासाठी १० ते १५ टक्के ठीक असते. ३० मीटरच आले तर चौथाई डिझेल मातीत जिरते आहे. तेव्हा आधी टायरातली हवा मोजायची, मग वजन पाहायचे, मग नांगराची खोली. तिन्ही नीट असूनही अंतर वाढले नाही, तर दांड्यांची उरलेली उंची पट्टीने मोजायची आणि मगच दुकानात जायचे.